आमच्या घरावरचं टिंब

मंडळी, खुर्च्या कमी पडल्यात हे मला दिसतंय. व्हरांड्यात उभे आहेत त्यांनी जरा आत सरकून घ्या. माझा आवाज आता पूर्वीसारखा राहिला नाही. मीठागरावर मुकादम होतो तेव्हा या बांधावरून त्या बांधावर हाक जायची. आता घरातल्या घरात सुनेला हाक मारली तर ती विचारते, मामा, काही बोललात का?

मुख्याध्यापक साहेब, बाईंचे भाऊ आग्नेलभाऊ, उत्तनहून आलेली सगळी मंडळी, मुर्धा, राई, मोरव्याचे माझे भाऊबंद, आणि बाईंची पोरं. पोरं म्हणतो खरा, पण तुमच्यातल्या कितीकांच्या कडेवर आता स्वतःची पोरं आहेत.

माझ्याआधी साहेब बोलले. छान बोलले. बाईंची नोकरी, बाईंची शिस्त, सगळं क्रमानं सांगितलं. मला तसं जमणार नाही. मी शाळेत गेलेला माणूस नाही. मिठाच्या गोणीवर शिक्का असतो, त्यावरची अक्षरं लावत लावत वाचायला शिकलो, आणि मग नातीच्या पुस्तकांवर हात मारला. तेव्हा काही चुकलं तर सांभाळून घ्या.  मध्येच थांबलो तर समजा की म्हातारा पाणी पितोय.

परेरा बाई गेल्या. हे वाक्य चार दिवस तोंडात घोळवतोय. अजून चव बसत नाही.

पण मंडळी, मी नुसती बाईंची स्तुती करायला उभा नाही. मी एक गोष्ट कबूल करायला आलोय. दहा वर्षं होत आली. तुम्ही सगळ्यांनी मला ज्या गोष्टीसाठी नावाजलं, ती गोष्ट मी केलेलीच नाही. कोणी केली, हे तीनच माणसांना ठाऊक होतं. त्यातलं एक माणूस गेल्या सोमवारी उत्तनच्या मातीत गेलं. उरलो दोघं. त्या दुसऱ्या माणसाला विचारूनच आज तोंड उघडतोय.

आधी बाई कशा होत्या ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

बाई भूगोल शिकवायच्या. उत्तनहून एसटीनं यायच्या, गाडी चुकली तर सरळ चालत निघायच्या. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात मेणकापडात गुंडाळलेला जगाचा नकाशा. शाळेत कपाट होतं, पण तिथं वाळवी, म्हणून नकाशा रोज घरी. आमचं मुर्धा वाटेतच, आणि माझं घर रस्त्याला लागून. मी ओट्यावर बसलेला असायचो. म्हणायचो, बाई, जग घेऊन कुठं निघालात? बाई म्हणायच्या, धुवायला नेतेय मुकादम, फार मळलंय.

शुक्रवारचा शेवटचा तास बाईंनी स्वतःचा करून घेतला होता. पोरं त्याला जगाचा तास म्हणायची. पुस्तकात तो नव्हता, परीक्षेत नव्हता. बाई वर्तमानपत्रातली एक बातमी वाचून दाखवायच्या. कुठल्या तरी लांबच्या देशात पाऊस पडला नाही, माणसं भुकेनं मरतायत. कुठं बॉम्बची चाचणी झाली. कुठं रोगाची साथ आली. नकाशावर तो देश दाखवायच्या. आणि मग विचारायच्या, हा पाहुणा आपल्याकडे कोणाच्या घरी उतरलाय? सोमवारी येऊन सांगा.

हीच त्यांची रीत. जगातला कुठलाही प्रश्न घ्या, त्याचं कोणी ना कोणी सोयरं आपल्या गावात राहतंच, असं त्यांचं म्हणणं.

मला हे पटायचं नाही. एकदा मी टोमणा मारला. म्हटलं, बाई, आमच्या पोरांना भाईंदर ठेसनाच्या पलीकडचं काय करायचंय? जगाची काळजी करायला दिल्लीत माणसं बसवलीत की.

बाईंनी विचारलं, मुकादम, तुमचं मीठ कुठवर जातं?

म्हटलं, वॅगनीत भरेपर्यंत माझं. पुढं कुठं जातं ते कोणाला ठाऊक.

म्हणाल्या, तुम्हाला ठाऊक नाही, पण तिथल्या बाईचं कालवण तुमच्यावाचून अडतं.

 मी घरात हाक मारून पाणी मागवलं. उत्तर नसलं की समोरच्याला पाणी द्यावं, ही आमची जुनी रीत आहे.

दुष्काळाच्या त्या बातमीचं काय झालं तेही ऐका. सोमवारी एक मुलगी उठून म्हणाली, बाई, भूक आपल्या वर्गातच आहे. पावसाळ्यात मीठागर बंद असतं, तेव्हा मागच्या दोन बाकांवरची मुलं डबा आणत नाहीत, मधल्या सुट्टीत नळावर जाऊन बसतात. बाईंनी वर्गणी काढली नाही की भाषण केलं नाही. दुसऱ्या दिवशी घरून एक चादर आणली. म्हणाल्या, आजपासून सगळ्यांचे डबे हिच्यावर उघडायचे, आणि कोणाचा कुठला ते विचारायचं नाही. झालं. गावात कुरबुर सुरू झाली. उत्तनच्या ख्रिस्तीवाची भाजी आमच्या भाकरीला लागते, म्हणून दोन-चार जण माझ्याकडे आले. मीही तावातावानं घरी बोललो. आमची मंडळी, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "नातीचा डबा धुवून येतोय, पयला शिळा परत यायचा. गप ऱ्हावा." आलेल्यांना मी वाटेला लावलं.

आता त्या सालाकडे येतो. त्या साली देवीची साथ होती.

इथं बसलेल्या लहान पोरांना देवीचा रोग म्हणजे काय हे ठाऊक नाही. ठाऊक नाही हेच चांगलं. ज्यांना बघायचंय त्यांनी माझं तोंड बघा. ओल्या मातीवर हरभरे टाकून तुडवावेत तसं झालंय ना? लहानपणी माझ्याकडे येऊन गेल्या. मी वाचलो. माझ्या पाठची बहीण गेली.

आम्ही त्याला रोग म्हणायचो नाही. आई आल्या, असं म्हणायचो. आई आल्या की दारावर कडुनिंबाचा डहाळा लागायचा. परक्यानं आत यायचं नाही. मासळी बंद. आणि सगळ्यात मोठा नेम, चुलीवर तेल तापवायचं नाही. फोडणी घालायची नाही. तेल तडतडलं की आईच्या अंगाची आग होते, अशी समजूत. दहीभात, साधं वरण, तेवढंच घरभर सगळ्यांनी खायचं.

सरकारी माणसं यायची, विचारायची, कोणाकडे देवी आहे का? गाव एका तोंडानं सांगायचं, न्हाय. का? तर हो म्हटलं की माणसाला उचलून इस्पितळात नेतात, घर बंद करतात, सगळ्यांच्या देवी काढतात, म्हणजे लस टोचतात. आणि आईचा अपमान होतो तो वेगळाच. म्हणून लोकांनी पुढच्या दारावरचे डहाळे काढून आतल्या खोलीत लावायला सुरुवात केली.

त्या शुक्रवारी बाईंनी वर्गात सांगितलं, सगळं जग मिळून देवी घालवायला निघालंय. पण लपवलेलं एक घर पुरतं. तिथून ती परत गावभर फिरते. मग विचारलं, गाव जर न्हाय म्हणत असेल, तर आपल्याला कसं कळेल?

तेव्हा नववीतली एक मुलगी उठली. माझी नात, सुमन. म्हणाली, "बाई, त्या घरातून फोडणीचा वास येत नाही."

म्हणतात, बाईंनी हातातला खडू टेबलावर ठेवला.

मग काम ठरलं. प्रत्येकानं आपल्या आळीचा नकाशा काढायचा, घराला एक चौकोन. ज्या घरातून तीन दिवस लागोपाठ फोडणीचा वास आला नाही, त्या चौकोनात एक टिंब द्यायचं. कोणाच्या दारात जायचं नाही. कोणाला विचारायचं नाही. कागदावर घरवाल्याचं नाव नाही, स्वतःचंही नाव नाही. घरी बोलायचं नाही, आपापसात बोलायचं नाही. कागद बाईंच्या हातात द्यायचा, आणि त्या घरी बाई स्वतः जाणार. एकट्या. सरकारी माणूस बरोबर नाही.

चार दिवसांत गावाला कुणकुण लागलीच. मंडळी, तुम्हाला आठवत असेल. किती बोललो आपण बाईंना! पोरांना कुत्र्यासारखी हुंगायला लावली म्हणालो. चुगल्या शिकवते म्हणालो. आपला गुजराती दुकानदार गिऱ्हाइकांना चिडवायचा, लसूण जादा ले जाव भाई, नहीं तो मास्तरीन आयेगी. आणि सगळ्यात मोठ्यानं बोलणारा कोण होता? मी. ओट्यावर बसून दहा जणांत बोलायचो, ख्रिस्तीवाच्या बाईला आमच्या आईची काय किंमत?

आता ऐका, त्या वेळी माझ्या घरात काय होतं.

माझी धाकटी मुलगी कमल, तिचं लग्न ठरलं होतं. मी खाडीपलीकडे साडूकडे आमंत्रण द्यायला गेलो. बरोबर नातू गणू, सुमनचा भाऊ, तीन वर्षांचा. साडूनं आम्हाला आत घेतलं नाही, ओट्यावरच बसवलं. जेवायला काय वाढलं? दहीभात. लग्नाची सुपारी घेऊन आलेल्या व्याह्या-सोयऱ्याला दहीभात! मी मनातल्या मनात पेटलो. आतून कोणी कण्हत होतं. विचारलं, तर म्हणाले, म्हातारीचं पोट दुखतंय. गणू त्यांच्या पोरांबरोबर मागच्या अंगणात खेळत होता. परत येताना सगळी वाट मी साडूच्या नावानं बोटं मोडत आलो. चिक्कू मेला, निदान एक बोंबील तरी भाजायचा.

मंडळी, माझं हे तोंड बघा आणि मला सांगा, मला कळायला नको होतं? सगळा जन्म या नेमात गेला. ताटातला दहीभात मला अपमान वाटला. त्याचा अर्थ मला लागला नाही.

दहा-बारा दिवसांनी गणूला ताप भरला. मग अंगावर आल्या.

हळदीला आठ दिवस उरले होते. आपल्याकडची हळद म्हणजे काय हे उत्तनकरांनाही सांगायला नको. सगळं गाव एका मांडवात, एका पंगतीला, बायका-पोरं रात्रभर नाचणार. मी ठरवलं, बोलायचं नाही. हे आठ दिवस काढायचे. डहाळा मी आतल्या खोलीत लावला. आमची मंडळी म्हणाली, पुढच्या दारावर लावा, आईला चोरासारखी ठेवू नका. मी ओरडलो. सून गणूच्या उशाशी बसून होती, तिनं माझ्याकडे वर मान करून बघितलंसुद्धा नाही. आणि सुमन? सुमन रोज दप्तर घेऊन शाळेत जात होती. आमची आळी तिच्याकडेच होती.

मला धाक होता तो सुमनचा नाही. ती घरची पोर, ती काय टिंब देणार? मला धाक होता बाईंच्या नाकाचा. त्या हल्ली साडेचारच्या गाडीनं मुर्ध्याला उतरायच्या आणि आळीतून चालत जायच्या. चौथ्या दिवशी मी मंडळीला म्हटलं, चूल पेटव, फोडणी घाल. वास बाहेर जाऊ दे.

ती म्हणाली, "देवी घरान हाय. मी तेल तापवनार न्हाय. तुमाला तापवायचा तर तुमी तापवा."

मग मी बसलो चुलीपुढं. आयुष्यात पहिल्यांदा. हसू नका, नाहीतर हसा, बाईही हसल्या होत्या. कढईत किती तेल घालतात मला काय ठाऊक? वाटीभर ओतलं. लसूण सोलतात हे ठाऊक होतं, पण वेळ कुठं होता? गड्डाच्या गड्डा ठेचून सालासकट टाकला. वरून मूठभर तांबडा मसाला. मंडळी, जो काय धूर उठला! कोंबड्या अंगणातून पळाल्या. मी खोकतोय, सून खोकतेय, आत गणू खोकतोय. शेजारीण ओरडली, मुकादम, घराला आग लागली काय?

डोळे पुसत बाहेर आलो, तर अंगणात परेरा बाई उभ्या. नाकाला रुमाल.

मी आपला छाती काढून म्हटलं, काय बाई, आज कोणीकडे?

बाई म्हणाल्या, "मुकादम, साडेचार वाजता फोडणी कशाला घातलीत?"

"डाळीला."

"बरं. डाळ दाखवा."

डाळ कुठली? डाळ शिजवायला पाहिजे हेच मी विसरलो होतो. नुसतीच फोडणी. बाईंना हसू आलं. रुमालाच्या आडून हसल्या. मलाही क्षणभर हसू आलं असतं. तेवढ्यात आतून गणू पुन्हा खोकला, आणि दोघांचंही हसू गेलं.

मी दार अडवून उभा राहिलो. म्हटलं, आत काही न्हाय. तुम्ही ख्रिस्तीव, तुम्हाला आमच्या आईचं काय कळणार?

तेव्हा सुमन बाहेर आली. चौदा वर्षांची पोर. माझ्या आणि बाईंच्या मध्ये येऊन उभी राहिली, आणि आत ऐकू जाऊ नये म्हणून हळूच मला म्हणाली, "आजा, टिंब मी दिलंय. काल."

मी हात उगारला.

मंडळी, या पोरीला मी कधी टिचकी मारली नव्हती. त्या दिवशी हात वर गेला. ती हलली नाही. बाईही मध्ये पडल्या नाहीत. नुसतं बोलल्या.

"मारायचं तर मारा. पण आधी मला सांगा, साडूकडे तुम्हाला जेवायला काय वाढलं होतं?"

सुमननं त्यांना सगळं सांगितलं असणार. माझ्या तोंडून शब्द निघाला, दहीभात. आणि तो शब्द बाहेर पडला तेव्हा मला कळलं. सगळं तेव्हाच कळलं.

बाई म्हणाल्या, "साडूनं तुम्हाला दारातून परत पाठवलं असतं, तर तुम्ही दोन वर्षं त्याच्याशी बोलला नसता. पण गणू आज अंगणात खेळत असता. आता चार-पाच दिवसांनी तुमच्या मांडवात किती गणू येणार आहेत?"

माझा हात खाली आला. मी ओट्यावर बसलो. बाईंनी चपला काढल्या आणि पायरीवर बसल्या. आत यायला बघितलं नाही. म्हणाल्या, मला तुमच्या आईचं काही कळत नाही, म्हणूनच मी पायरीवर बसलेय. तिला घरात ठेवा, मान द्या, डहाळा लावा. फक्त तिला हळदीला नेऊ नका.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. निदान तुम्हाला वाटतं की ठाऊक आहे. संध्याकाळी मुकादमानं आपल्या हातानं डहाळा पुढच्या दारावर लावला. ओट्यावर उभं राहून गावाला ओरडून सांगितलं, आमच्याकडे आई आल्यात, हळद होणार नाही, कोणी इकडे फिरकू नका, आणि उद्या सगळ्यांनी टोचून घ्या. दुसऱ्या दिवशी देवी काढणारा आला. माझं तोंड बघून म्हणाला, बुढ्ढे को जरूरत नहीं, इसको हो चुकी है. बाई म्हणाल्या, यांना पहिली टोचा, सगळ्यांसमोर. मी बाही वर केली. मग माझ्या मागं रांग लागली. त्याच दिवशी आणखी दोन दारं उघडली.

गणू वाचला. तो तिथं खांबापाशी बसलाय, आता माझ्यापेक्षा उंच होईल. कमलचं लग्न दीड महिन्यानं झालं. नवऱ्यामुलाकडचे आधी फुगले, मग आले. हळदीला बाईही आल्या, आणि आमच्या बायकांनी त्यांना अशी काही हळद फासली की दुसऱ्या दिवशी भूगोल शिकवताना म्हणे कानामागं पिवळ्या.

आणि गाव काय म्हणालं? गाव म्हणालं, मुकादमाचं काळीज वाघाचं. स्वतःच्या मुलीचं लग्न पुढं ढकललं, पण गाव वाचवलं. बाईंना बोलावणं त्यानंच धाडलं. तुम्ही म्हणालात, आणि मी ऐकून घेतलं. खोटं सांगत नाही, गोड वाटलं. पुढच्या वर्षी याच शाळेत, याच व्यासपीठावर मला शाल-नारळ दिला. बाई बोलायला उठल्या. मला वाटलं, आता सगळं सांगतात. बाई एवढंच म्हणाल्या, "मुकादमांनी दार उघडलं." यात खोटं काहीच नव्हतं. दार मीच उघडलं होतं. खाली मुलींच्या रांगेत सुमन टाळ्या वाजवत होती. त्या टाळ्या मला अजून ऐकू येतात.

मला वर्षानुवर्षं वाटायचं, बाईंनी माझी अब्रू राखली. एकदा न राहवून मी त्यांना म्हटलं, बाई, तुमचे उपकार आहेत, तुम्ही माझी लाज सांभाळलीत.

बाई म्हणाल्या, "तुमची कोणी सांभाळली? सुमनला या गावात राहायचंय. आजाच्या घरावर टिंब देणारी पोर म्हटल्यावर तिला कोणी दारात उभी केली असती का? तुमचे खांदे रुंद होते, तुमच्यावर टाकलं."

म्हणजे बघा. मी स्वतःला वाघ समजत होतो. बाईंनी मला छत्री म्हणून वापरलं होतं, एका पोरीच्या डोक्यावर धरायला. आणि किती वर्षं धरली!

मागं वर्तमानपत्रात आलं, आपल्या देशातून देवी गेली. बाई तो अंक घेऊन माझ्या ओट्यावर आल्या आणि मलाच मोठ्यानं वाचायला लावलं. मी अडखळत अडखळत वाचलं. जोडाक्षर आलं की त्या थांबायच्या, सांगायच्या नाहीत. वाचून झाल्यावर म्हणाल्या, मुकादम, ही बातमी छापणाऱ्याला तुमच्या सुमनचं नाव ठाऊक नाही. असल्या बातम्यांत नावं नसतातच. कुठकुठल्या गावात कोणकोणत्या पोरींनी काय काय केलं असेल, देवाला ठाऊक. आणि तेवढ्यावर थांबल्या नाहीत हो. त्याच शुक्रवारी वर्गाला नवा पाहुणा दिला, प्यायच्या पाण्याचा. आपल्या खाऱ्या विहिरींच्या मागं पोरं कशी लागली ते तुम्ही बघितलंच.

गेल्या महिन्यात उत्तनला त्यांना बघायला गेलो. आग्नेलभाऊ होते तिथं. बाई अंथरुणावर, हात काडीसारखे. मी विचारलं, बाई, आता तरी गावाला खरं सांगू का? त्यांनी एवढंच म्हटलं, सुमनला विचारा.

बाईंना माती देऊन आलो, त्या संध्याकाळी सुमनला विचारलं. ती राईला दिलीय, दोन लेकरांची आई आहे. चुलीपाशी होती. पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "आजा, सांग तू. तेव्हा मला या गावाची भीती वाटायची. आता माझी पोरगी शाळेत जाईल. तिला कळू दे, आईनं काय केलं होतं."

तर मंडळी, सांगितलं. आमच्या घरावरचं टिंब मी दिलं नाही. मी ते लपवायला बसलो होतो. टिंब दिलं माझ्या नातीनं, सख्ख्या आजाच्या घरावर, सख्ख्या आत्याच्या लग्नावर. आणि ते द्यायचं बळ तिला ज्यांनी दिलं, त्यांच्यासाठी आज आपण जमलोय.

सुमन, उठ बाय. लाजू नको. पदर सोड तोंडावरचा, लोकांना बघू दे.

आता माझं एक मागणं आहे. त्या साली बाईंच्या हातात तुम्ही बऱ्याच जणांनी कागद दिला होता. कोणी कोणाच्या घरावर टिंब दिलं, बाईंनी मरेपर्यंत सांगितलं नाही. आजही नाव सांगू नका, घर सांगू नका. ज्यांनी ज्यांनी टिंब दिलं होतं, त्यांनी फक्त सुमनबरोबर उभं राहावं. जबरदस्ती नाही.

हां. मोरव्याची तू. ये, उभी राहा.

मागं कोण? बरं, बरं. तूही? तुझ्या बापाला ठाऊक आहे का रे? राहू दे, आज नको.

आणखी. आणखी. या खिडकीपाशीही तिघी.

बसू नका. असेच राहा.

आता आपण बाकीचे उठू. ज्यांच्या घरावर टिंब होतं ते, आणि ज्यांच्या घरापर्यंत ते कधी आलंच नाही ते. सगळे. मला जरा हात द्या कोणी. दोन मिनिटं कोणी बोलू नका. लेकरं कुजबुजली तर कुजबुजू द्यात, बाईंना त्याची सवय होती.

बाई, वर्ग उभा आहे.